शनिवारची घोडनदी: बाजार तोच, मोठी दुकानं बदलती

पुण्याहून नगरकडे निघालं की 65-70 किलोमीटरवर शिरूर लागतं. पंचक्रोशीतली जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. बाह्यवळण झाल्यापासून लांबच्या गाड्या गावात शिरत नाहीत, त्यामुळे या रस्त्याने नेहमी जाणाऱ्या कित्येकांनी शिरूरची पेठ पाहिलेलीच नसते. ती पाहायची तर शनिवारी, सकाळच्या एसटीने जाऊन. आठवडे बाजार शनिवारी भरतो. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्येही घोडनदीच्या बाजाराचा वार शनिवारच दिलेला आहे आणि त्या बाजारात गुरं आणि घोडे मोठ्या संख्येने विकले जात, अशी नोंद आहे.

घोडे आता नाहीत. उजाडताना पालं ठोकायला सुरुवात होते, आठ वाजेपर्यंत पोती अंथरून झालेली असतात. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, वांग्यांचे वाटे, गवारीचे ढीग, शेजारी दावी, कासरे, म्होरक्या घेऊन बसलेला एखादा म्हातारा, पलीकडे विळे-खुरपी आणि त्यांना धार लावून देणारा. ‘मावशी, दहाला दोन द्या की.’ ‘अजून भवानी व्हायचीय बाबा. घे, पंधराला दोन.’ दोघांनाही ठाऊक असतं की सौदा कुठे तुटणार आहे, तरी हे बोलणं व्हावंच लागतं. बारा वाजले की भाव उतरतात आणि चार वाजता उरलेला वाटा मागाल त्या दराने पिशवीत पडतो. घरी जाताना त्या पिशवीच्या तोंडाशी भेळेचा किंवा गोडीशेवेचा पुडा असतो. तो नसेल तर पोरं बाजार मान्य करत नाहीत.

मॉल चालवणाऱ्यांचं एक ठरलेलं गणित आहे. इमारतीत एक-दोन अवाढव्य दुकानं घ्यायची, त्यांना चौरस फुटाचं भाडं कमी लावायचं, कारण गर्दी तीच खेचतात. त्या गर्दीवर आजूबाजूची छोटी दुकानं जगतात आणि भाड्याचा खरा भार उचलतात. मोठं दुकान उठलं की मजलाच्या मजला ओस पडतो, म्हणून मालक त्या जागी तातडीने दुसरं आणतो. घोडनदीच्या पेठेत हाच खेळ दोनशे वर्षं चालला आहे, फक्त भिंती आणि सरकते जिने नव्हते. इथलं मोठं दुकान कोणाचं, हे ठरवलं ते बाहेरून येणाऱ्या रोकड पैशाने. तो पैसा आधी फौजेचा होता, मग कर्जाचा, मग पाण्याचा, आणि आता कारखान्याचा आहे.

फौज आली ती 1803 च्या सुमारास. पुणे आणि नगर यांच्या मधलं, नदीकाठचं हे ठिकाण कंपनी सरकारने तैनाती फौजेच्या छावणीसाठी धरलं. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती शिरूरहूनच. दुसऱ्या दिवशी भीमेकाठी झालेल्या त्या लढाईतल्या महार सैनिकांच्या पराक्रमाला मानवंदना द्यायला लाखो लोक दर 1 जानेवारीला विजयस्तंभापाशी येतात. 1817 मध्ये उभ्या राहिलेल्या पूना हॉर्स या घोडदळाचं ठाणंही पुढे बरीच वर्षं शिरूरला होतं. या दलात शिलेदारी पद्धत होती: स्वाराने घोडा स्वतःचा आणायचा, सरकारने पगार द्यायचा. घोडा मेला, लंगडा झाला तर दुसरा घेण्याची जबाबदारी स्वाराचीच. शनिवारच्या बाजारात घोडे का येत, हे यातून उलगडतं. हातात पगार असलेलं, ठराविक गरजेचं गिऱ्हाईक बाजाराच्या उंबऱ्याशी राहत होतं. त्याच्या मागोमाग चारा विकणारे, खोगीर शिवणारे, नालबंद, कापडवाले, सराफ आले. पेठ अशी भरली. 1868 मध्ये इथे नगरपालिका झाली, ती काही उगाच नव्हे.

छावणीची एक खूण गावाने वेगळ्याच रीतीने सांभाळली. कर्नल वॉलेस हा फौजेचा अधिकारी 1809 मध्ये वारला. त्याच्या थडग्याला आसपासचे लोक सत्पुरुषाचं ठिकाण मानत आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य दाखवत, असं गॅझेटियर सांगतं. परक्या फौजेतल्या माणसालाही भला वाटला तर आपलंसं करणारा हा मुलूख आहे. शिरूरचा इतिहास सांगताना ही गोष्ट गाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

फौजेनंतर पेठेतलं मोठं दुकान झालं ते उधारीचं. कापड, मीठ, बियाणं देणारा आणि कर्ज देणारा बहुधा एकच असे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865, कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यातच 1867 पासूनच्या फेरमोजणीत शेतसारा वाढला. कुणब्याकडे उरली ती फक्त वहीतली बाकी. डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या करड्याच्या गावकऱ्यांनी तिथल्या सावकारावर बहिष्कार टाकला. त्याचं पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही, त्याच्या रानात राबायचं नाही. पुढे 12 मे 1875 ला, आता बारामती तालुक्यात असलेल्या सुप्यात भडका उडाला. तो दिवस बाजाराचा होता, हे महत्त्वाचं. पंचक्रोशी एका जागी जमलेली, दुकानं उघडी, आणि रोष ज्याच्यावर होता ती खातेवही समोरच्याच फळीवर. लोकांनी वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेला हा उठाव शिरूर, भीमथडी, इंदापूर आणि नगर जिल्ह्यातल्या गावांत पसरला. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला.

एव्हाना पेठेला दुसरा धक्का बसला होता, तो रुळांचा. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी आगगाडी भीमेकाठच्या दौंडवरून 1850 च्या दशकाअखेरीस धावू लागली होती. 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग खुला झाला आणि नगरचा माल घोडनदीच्या घाटावर न येता दौंडला वळला. शिरूरला आजही रेल्वे नाही. दौंड मात्र जंक्शन झालं. 1914 मध्ये बारामतीची अरुंद गाडीही तिथून सुटू लागली. तिथल्या बाजारपेठेचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा रेल्वेवाला आणि पुढे राज्य राखीव पोलिस दलाचा जवान. शिरूरची पेठ सुगीकडे डोळे लावून बसलेली, दौंडची पगाराच्या तारखेकडे. दोन्ही तालुके शेजारी असूनही त्यांच्या दुकानदारीचा स्वभाव वेगळा झाला तो यामुळे. रुळांनी दौंडला जगवलं आणि दौंडचे दोन तुकडेही केले. रुळांखालच्या कुरकुंभ मोरीतून पावसाळ्यात चिखलपाण्यातून वाट काढत बाजाराला जाणाऱ्या माणसाला रेल्वेचं ऋण आणि रेल्वेचा जाच एकदमच आठवतो.

पाण्याचा काळ आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिला. चिंचणीचं घोड धरण, मग चासकमानचा कालवा, दौंड तालुक्यात खडकवासल्याचं पाणी. बाजरी-मटकीच्या रानात ऊस उभा राहिला. न्हावऱ्याला घोडगंगा आणि पाटसला भीमा हे सहकारी साखर कारखाने झाले, केडगाव-पारगावकडे गुऱ्हाळं धुराडली. त्याबरोबर पेठेतलं मोठं दुकान पुन्हा बदललं. मोटारी, पाइप, खतं, औषधं यांच्या एजन्सीसमोर गर्दी, आणि उसाचं बिल निघालं की दुसऱ्या दिवशी कापडवाल्याकडे आणि सराफाकडे. बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली, दावी-कासऱ्याची पथारी आकसत गेली. घोडगंगा कारखाना अलीकडे काही हंगाम बंद राहिला. अशा वर्षी त्याची झळ सभासदापुरती थांबत नाही. न्हावऱ्याच्या चहावाल्यापासून शिरूरच्या साडीच्या दुकानापर्यंत सगळ्यांना ती लागते.

आज पेठेकडे येणारा पैसा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतून येतो. एलजी, व्हर्लपूल, फियाट ही नावं तिथल्या फाटकांवर आली आणि पाठोपाठ राज्याबाहेरून कामगार आले, खोल्या भाड्याने उठल्या. खोली घेणाऱ्याला आधी लागतो पंखा, गादी, गॅसची शेगडी आणि मोबाइल. म्हणून आता रस्त्याकडेला दिसतात ती मोबाइलची, इलेक्ट्रॉनिक्सची आणि तयार कपड्यांची काचबंद दुकानं. बाजारातल्या मसाल्याच्या पालावर मोहरीचं तेल आणि सत्तूचं पीठ मागणारं गिऱ्हाईक उभं असतं, आणि पालवालाही ते ठेवू लागला आहे.

याच नगर रस्त्याच्या पुण्याकडच्या टोकाला, विमाननगरला, 2011 मध्ये फिनिक्स मार्केटसिटी उभा राहिला. वाघोलीची कोंडी सुटली तर शिरूरहून दीड तासाचा रस्ता. लग्नाचा बस्ता एकेकाळी शिरूरच्या पेठेत बांधला जाई. आता नवरदेवाची मित्रमंडळी मॉल गाठतात. म्हणजे मॉल अजिंक्य आहे असं नाही. त्याच रस्त्यावर, त्याच सुमारास उघडलेला इनऑर्बिट काही वर्षांत बंद पडला आणि तिथे कचेऱ्या आल्या. 2001 मध्ये सुरू होऊन देशभर पसरलेलं बिग बझार 2022 मध्ये मिटलं, आणि अनेक मॉलमधल्या त्याच्या जागांवर दुसऱ्यांच्या पाट्या लागल्या. वीस वर्षांत इतकी उलथापालथ. शनिवारच्या बाजाराला त्या मानाने कोणी मालक नाही, एकाच्या दिवाळ्याने तो बुडत नाही. त्याचं भांडवल म्हणजे करड्याहून, न्हावऱ्याहून, निमोण्याहून टोपली घेऊन येणारी बाई.

तिच्यासाठी आपण काय केलं, हा प्रश्न मला सतावतो. पथारीची पावती ती देते, पण डोक्यावर छप्पर नाही, पिण्याचं पाणी घरून आणायचं, आणि पहाटे निघून संध्याकाळी परतेपर्यंत स्वच्छतागृहाची सोय हाकेच्या अंतरावर क्वचितच. आठवडे बाजार आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असाच भरतो. मॉलला पार्किंगचे मजले, वीज आणि रुंद रस्ता मिळवून देताना जी तत्परता दिसते, तिचा दहावा हिस्सा इथे पुरेल. शहराच्या विकास आराखड्यात बाजाराची जागा कायमची राखून ठेवावी, ओटे बांधावेत, पाण्याचे नळ आणि बायकांसाठी स्वच्छतागृह द्यावं. खर्च फार नाही.

जायचं असेल तर नगरकडे जाणाऱ्या पण शिरूर स्थानकात थांबणाऱ्या एसटीत बसावं आणि नऊच्या आत पोचावं. भाद्रपदात गेलात तर नवा मूग मिळतो. सुटे पैसे आणि कापडी पिशव्या जवळ ठेवाव्यात. गुळासाठी मात्र परतताना न्हावरे-चौफुला रस्त्याने भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरावं. गुऱ्हाळ चालू असेल तर काहिलीजवळ उभं राहून ताजी ढेप घेता येते.