जुन्या मोटारीची ठिणगी

जुनी मोटार जपणें म्हणजे तिचा रंग आणि तिच्या बैठकींचें चामडें जपणें, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु मोटार ही चालण्याची वस्तु आहे. आणि ती चालावयाची तर तिच्या इंजिनांत योग्य क्षणीं, योग्य बळाची ठिणगी पडली पाहिजे. ही ठिणगी ज्या लहानसहान भागांमुळें पडते ते भाग झिजतात, जळतात आणि वरचेवर बदलावे लागतात. गाडी पन्नास-साठ वर्षांची झाली म्हणजे नवा भाग मिळविणें तितकेंसें अवघड नसतें. योग्य भाग ओळखणें अवघड असतें. जो भाग जागेवर बसतो तो योग्यच असला पाहिजे, ही समजूत कधीं कधीं सबंध इंजिनाच्या मुळावर येते.

उदाहरणादाखल इंग्लंडांतील एम्. जी. बी. ही स्पोर्ट्‌स मोटार घेतां येईल. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यांत १९६२ ते १९८० ह्या काळांत ती तयार झाली. कायमचें छप्पर असलेली तिची जी. टी. आवृत्ति धरून पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. इंजिन चार सिलिंडरांचें, १७९८ घन सेंटिमीटर क्षमतेचें. एवढ्या मोठ्या संख्येनें निघालेल्या गाडीचे सुटे भाग आजहि नव्यानें तयार होतात आणि सहज विकत मिळतात. मालकाची सोय ह्यांतच आहे, आणि घोटाळ्याचें मूळहि ह्यांतच आहे.

घोटाळा समजण्यासाठीं आधीं ठिणगी कशी पडते तें पाहिलें पाहिजे. बॅटरीचा दाब अवघा बारा व्होल्ट; प्लगच्या टोकांमधील फट ओलांडण्यास हजारों व्होल्ट लागतात. हा दाब कॉइल उत्पन्न करते. कॉइलमध्यें जाड तारेचें एक आणि बारीक तारेचें एक अशीं दोन वेटोळीं असतात. जाड वेटोळ्यांतून प्रवाह वाहत असतां लोखंडी गाभ्यांत चुंबकत्व सांठतें. प्रवाह एकाएकीं तोडला कीं तें ढासळतें आणि बारीक वेटोळ्यांत प्रचंड दाब निर्माण होतो. प्रवाह जोडण्या-तोडण्याचें काम पॉइंटांचें. तोडतेवेळीं पॉइंटांमध्येंच ठिणगी उडून ते जळूं नयेत आणि प्रवाह झटकन तुटावा, म्हणून त्यांच्या जोडीला कंडेन्सर असतो. निर्माण झालेला दाब चारांपैकीं नेमक्या प्लगकडे धाडणारा फिरता हात म्हणजे रोटर. आणि पॉइंट, कंडेन्सर व रोटर ह्या सर्वांचें घर म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असतां ही सारी क्रिया एका सेकंदांत शंभर वेळां घडते. अशा घाईच्या कामांत थोडेंसें वैगुण्यहि लपत नाहीं.

पहिला प्रश्न असा कीं, गाडींत डिस्ट्रिब्यूटर कोणता आहे ? एम्. जी. बी.ला बर्मिंगहॅमच्या लूकस कंपनीचे डिस्ट्रिब्यूटर असत. आरंभापासून सुमारें १९७४ पर्यंत ‘२५ डी ४’ ह्या जातीचा, आणि त्यानंतर ‘४५ डी ४’ ह्या जातीचा. अमेरिकेस धाडलेल्या गाड्यांना १९७५ च्या वर्षापासून पॉइंट नसलेली इलेक्ट्रॉनिक रचना आली. पहिल्या दोन जातींचें काम एकच. परंतु त्यांचे पॉइंट, रोटर आणि झांकण एकमेकांस चालत नाहींत. दोहोंतहि पॉइंटांची फट ०·०१४ ते ०·०१६ इंच ठेवावयाची असते. परंतु पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन पहिल्यांत सुमारें ६० अंश, तर दुसऱ्यांत सुमारें ५१ अंश असतो. म्हणजे एकाचें माप दुसऱ्यास लावून चालत नाहीं.

गाडीच्या सालावरून हें ठरवावें, असें कोणासहि वाटेल. परंतु अर्ध्या शतकांत गाडीनें अनेक मालक आणि त्याहून अधिक कारखाने पाहिलेले असतात. कोणी इंजिन बदललेलें असतें, तर कोणी दुसऱ्या गाडीचा डिस्ट्रिब्यूटर उचलून बसविलेला असतो. नोंदणीच्या कागदावर १९६८ साल असलें, तरी झांकणाखालीं १९७६ सालचा माल असूं शकतो. म्हणून दुकानांत गाडीचें नांव व साल सांगण्यापूर्वीं डिस्ट्रिब्यूटर पुसून स्वच्छ करावा आणि त्याच्या अंगावर ठोकलेले आंकडे वाचावे. लूकसच्या डिस्ट्रिब्यूटरवर जातीचें नांव, पांच आंकडी क्रमांक, आणि तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यांत बनला ही खूण ठोकलेली असते. त्या पांच आंकडी क्रमांकांत खरी मख्खी आहे.

ती अशी. इंजिनाचा वेग वाढला कीं जळणास पुरतें पेटावयास मिळणारा अवधि कमी होतो. म्हणून ठिणगी थोडी आधीं पडावी लागते. हें काम डिस्ट्रिब्यूटरच्या पोटांतील दोन लहान वजनें आणि त्यांना आवरणाऱ्या दोन स्प्रिंगा करतात. वजनें किती उघडावीं ह्याची मर्यादा आंतील पट्टीवर अंशांत ठोकलेली असते. डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या निम्म्या वेगानें फिरतो. म्हणून तेथील १० अंश म्हणजे क्रँकशाफ्टचे २० अंश होतात. बाजूच्या निर्वात-डबीवरहि ५-१३-१० असे तीन आंकडे आढळतात : निर्वात पाऱ्याच्या ५ इंचांवर गेला कीं डबी काम करूं लागते, १३ इंचांवर तिचें काम पूर्ण होतें, आणि ती अधिकांत अधिक १० अंश ठिणगी पुढें आणते. बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन डिस्ट्रिब्यूटर आंत अगदीं निराळे असूं शकतात. ठिणगी फार आधीं पडूं लागली तर मिश्रण अवेळीं भडकून इंजिन ठोके देऊं लागतें, आणि भरवेगांत तें तसेंच चालविलें तर पिस्टन जळतो. थोड्या रुपयांची बचत मग सबंध इंजिनाच्या दुरुस्तीवर जाते.

हा मोह भारतांत विशेष संभवतो. उत्तरपाऱ्यास १९५८ ते २०१४ पर्यंत निघालेली ॲम्बॅसिडर पुष्कळ वर्षें ज्या १४८९ घन सेंटिमीटरांच्या इंजिनावर धांवली, तें आणि एम्. जी. बी.चें इंजिन एकाच ब्रिटिश कुळांतलें. रविवारीं सकाळीं बॉनेट उघडून पॉइंट घासणारे वडील ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना एम्. जी. बी.चें इंजिन परकें वाटणार नाहीं. परंतु कुळ एक म्हणून गरज एक, असें होत नाहीं. शांतपणें कुटुंब वाहून नेणाऱ्या गाडीसाठीं बेतलेला ठिणगीचा क्रम, मोठ्या आणि अधिक दाबावर चालणाऱ्या स्पोर्ट्‌स इंजिनाला लागू पडेल असें गृहीत धरतां येत नाहीं.

दुसरा प्रश्न कॉइलचा. जुन्या एम्. जी. बी.ची कॉइल सुमारें ३ ओहम रोधाची असून तिला बॅटरीचे बाराहि व्होल्ट मिळतात. सुमारें १९७५ पासूनच्या गाड्यांत १·५ ओहमची कॉइल असते. स्टार्टर फिरतांना तिला बॅटरीचा सरळ प्रवाह मिळतो आणि इंजिन सुरू झाल्यावर वाटेंत एक रोधक तार येते. त्यामुळें थंडींतहि पहिली ठिणगी जोमदार पडते. ही नवी कॉइल जुन्या गाडीस लावली तर काय होईल, तें शाळेंतल्या गणितानें सांगतां येतें : बारा भागिले तीन म्हणजे चार अँपिअर, बारा भागिले दीड म्हणजे आठ. दुप्पट प्रवाहानें कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. उलट जुनी कॉइल नव्या गाडीस लावली तर ठिणगी दुबळी पडते. दोन्ही कॉइली एकाच पकडींत बसतात आणि रंगरूपानेंहि सारख्याच असतात. म्हणून तारा सोडवून ओहममापकानें रोध मोजणें हाच निवाडा.

कॉइलच्या तारा उलटसुलट जोडल्यानेंहि फसगत होते. १९६७ च्या अखेरीपर्यंत एम्. जी. बी.मध्यें बॅटरीचें धन टोक गाडीच्या सांगाड्यास जोडलेलें असे. पुढें ऋण टोक जोडण्याची रीत आली. ठिणगी प्लगच्या तापलेल्या मधल्या टोकाकडून निघाली तर ती कमी दाबांत पडते. म्हणून तें टोक ऋण राहील अशा बेतानें तारा जोडाव्या लागतात. आज मिळणाऱ्या कॉइलवर धन आणि ऋण अशा खुणा असतात. ऋण टोक सांगाड्यास असलेल्या गाडींत कॉइलचें ऋण टोक डिस्ट्रिब्यूटरकडे जावें. धन टोक सांगाड्यास असेल तर धन जावें. जोडणी उलटी झाली तरी गाडी चालते. फक्त ती सुरू होण्यास कुरकुरते, चढावर दमते, आणि आळ बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर येतो.

उरले दोन लहान भाग, कंडेन्सर आणि रोटर. अलीकडे बनलेल्या कांहीं रोटरांत पितळी पट्टी रिव्हेटनें बसविलेली असते. रिव्हेट आणि खालचा दांडा ह्यांच्यामधील रोधक थर पातळ असला कीं दाब प्लगकडे न जातां दांड्याकडे पळतो. म्हणून जाणकार मिस्त्री रिव्हेट नसलेला, भरीव रोटर पसंत करतात. कंडेन्सरविषयीं मात्र ‘जुनें तें सोनें’ हा नियम लावूं नये. पेटींत न वापरतां राहिलेले जुने पॉइंट पुष्कळदां उत्तम निघतात. परंतु कंडेन्सरच्या पोटांतील कागदी थर पडून पडूनच ओल धरूं शकतो.

पेटीवरच्या नांवावरहि फार विसंबूं नये. मूळ लूकस कंपनी १९९६ साली व्हॅरिटी ह्या कंपनींत मिळाली आणि १९९९ साली तीहि टी. आर. डब्ल्यू.च्या हातीं गेली. जुनें नांव परवान्यानें अजून पेट्यांवर छापलें जातें. तेवढ्यावरून आंतला भाग जुन्या कसोटीचा ठरत नाहीं.

शहाणा मालक म्हणून तीन गोष्टी करतो. नवा भाग विकत घेतांना जुना भाग हातांत घेऊन जातो, आणि क्रमांक, माप व रोध ताडून पाहतो. एका वेळीं एकच भाग बदलतो, म्हणजे गाडी बिघडली तर अपराधी कोण तें तत्काळ कळतें. आणि काढलेला जुना, परंतु चालता भाग फेंकून न देतां कापडांत गुंडाळून गाडींत ठेवतो. घाटाच्या मध्यावर नव्या कंडेन्सरनें दगा दिला, तर त्या गांठोड्यांतील झिजलेला भागच घरीं पोंचवितो.