जुन्या खेळगड्यांचा रुसवा

जपानमधील क्योतो शहरात १८८९ साली फुसाजिरो यामाउची या गृहस्थांनी खेळावयाचे पत्ते करून विकण्यास आरंभ केला. बारा महिन्यांची फुलेझाडे चितारलेल्या या अठ्ठेचाळीस पत्त्यांच्या जोडाला तिकडे ‘हानाफुदा’ म्हणतात. त्या पेढीचे नाव निन्टेन्डो. आज हे नाव जगभर ओळखले जाते ते दूरचित्रवाणीला जोडून अथवा हातात धरून व्हिडिओ गेम खेळावयाच्या यंत्रांसाठी, म्हणजे कन्सोलसाठी. मिशीवाला, लाल टोपीचा मारिओ हा या घरचाच.

या कंपनीविषयी एक गोष्ट नवख्याला चमत्कारिक वाटते. आईबापांनी सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती निःशंकपणे द्यावीत अशी खेळणी ती करते. परंतु तिच्यावर कडाडून टीका करणारे लोक पुष्कळदा चाळिशी उलटलेले असतात, आणि तितक्याच त्वेषाने तिची बाजू घेणारेही त्याच वयाचे. दोघांचेही बालपण तिच्या खेळांत गेलेले असते. परक्या दुकानदाराशी माणूस इतका वेळ भांडत बसत नाही. तो दुसऱ्या दुकानी जातो. हे भांडण घरातले आहे, आणि म्हणूनच ते समजून घेण्यासारखे आहे.

त्याचे मूळ कंपनीच्या स्वभावात आहे. ती स्वतःला प्रथम खेळणी करणारी समजते, यंत्रे करणारी नंतर. गुनपेई योकोई हे १९६५ साली तेथे यंत्रांच्या देखभालीसाठी नोकरीस लागले. स्वतःच्या करमणुकीसाठी त्यांनी केलेला, दुमडणारा व लांब होणारा एक चिमटा अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस पडला, आणि १९६६ मध्ये तो ‘अल्ट्रा हँड’ या नावाने बाजारात आला व मोठ्या प्रमाणावर खपला. पुढे योकोईंनी आपला एक सिद्धान्तच बनविला: अगदी नवे तंत्र घेऊ नये, जे जुने, स्वस्त आणि गुणदोषांसह पुरते परिचित झाले आहे, त्याचाच नवा उपयोग शोधावा. १९८९ चा ‘गेम बॉय’ हे त्याचे उत्तम उदाहरण. त्याचा पडदा एकरंगी आणि मंद होता. प्रतिस्पर्धी सेगा कंपनीने लवकरच रंगीत पडद्याचे यंत्र आणले. पण त्याचे सहा सेल काही तासांतच संपत, तर गेम बॉय चार सेलांवर कितीतरी अधिक वेळ चाले. मुलाच्या दृष्टीने चालणारे खेळणे हे दिसायला सुंदर खेळण्यापेक्षा केव्हाही श्रेष्ठ. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून साडेअकरा कोटींहून अधिक खपली.

दुसरा गुण शिस्तीचा. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कोणीही उठावे आणि खेळ काढावा, अशी स्थिती झाली होती. अटारी कंपनीने तर न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाजवळ जमिनीत पुरला. अशा वेळी, १९८५ मध्ये, निन्टेन्डो अमेरिकेत उतरली. व्हिडिओ गेम म्हटले की दुकानदार पाठ फिरवीत. तेव्हा तिने यंत्राबरोबर एक छोटा यंत्रमानव देऊन ते खेळणे म्हणून विकले. इतर कंपन्यांना तिच्या परवानगीवाचून खेळ काढता येऊ नये म्हणून यंत्रात कुलपासारखी एक चिप बसविली आणि वर्षाला पाचच खेळांची मर्यादा घातली. आईबापांचा विश्वास बसला. पण कुलूप लावण्याची सवयही याच काळात जडली, हे ध्यानात ठेवावयास हवे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, कंपनी आपल्या खेळाडूंना मोठे होऊ देत नाही. १९९३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या मारामारीच्या खेळातील रक्त तिने काढून टाकवले व तेथे करड्या घामाचे थेंब दाखविले. सेगाच्या यंत्रावर गुप्त कळा दाबून रक्त पाहता येत होते, आणि तिकडेच तो खेळ अधिक खपला. १९९६ च्या ‘निन्टेन्डो ६४’ मध्ये तिने सीडीऐवजी महागडी कार्ट्रिज कायम ठेवली. परिणामी ‘फायनल फँटसी’ची सातवी कथा १९९७ मध्ये सोनीच्या यंत्रावर गेली. २००१ मध्ये ‘झेल्डा’च्या नव्या खेळाची चित्रे व्यंगचित्रासारखी दिसताच जुने चाहते संतापले, त्यांना गंभीर, वास्तव रूप हवे होते. आणि २००६ मध्ये ‘वी’ आले तेव्हा तर कळस झाला. हात हलवून टेनिस किंवा बोलिंग खेळावयाचे हे यंत्र आजीआजोबांच्या हाती, अमेरिकेतील वृद्धाश्रमांतही पोहोचले. दहा कोटींहून अधिक यंत्रे खपली. पण जुना खेळाडू म्हणाला, ‘आम्हाला टाकून ही आता पाहुण्यांनाच वाढते आहे.’

या आक्षेपाला समर्थकांचे उत्तर मला पटते. झेल्डाचा तोच हिणवलेला खेळ पुढे अनेकांचा आवडता ठरला. इतर खेळांचे त्या काळचे ‘वास्तव’ आज कळाहीन दिसते, त्याची रेखाटने मात्र ताजी राहिली. प्रौढांसाठीचे खेळ तिने वर्ज्य केले असेही नाही. २०१४ मधील ‘बायोनेटा २’ तिच्याच पाठबळावर निघाला. शिवाय सातोरू इवाता यांच्यासारखा अध्यक्ष तिला लाभला. स्वतः खेळ रचणाऱ्या या माणसाने, २०११ मध्ये ‘थ्रीडीएस’ यंत्राची किंमत काही महिन्यांतच उतरविण्याची वेळ आली तेव्हा, स्वतःचे वेतन निम्मे केले. आणि मुलाला जे कळते ते बालिशच असते, हे कोणी ठरविले? सोपे करणे हे अवघड करण्याहून कठीण काम आहे. २०१७ च्या ‘स्विच’ची पंधरा कोटींहून अधिक यंत्रे खपली, ती याच बळावर.

दुसरा आक्षेप मात्र वेगळ्या जातीचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २७ मार्च २०२३ रोजी कंपनीने ‘वी यू’ आणि ‘थ्रीडीएस’ या यंत्रांवरील आपले दुकान बंद केले. पूर्वी घेतलेले खेळ पुन्हा उतरवून घेता येत होते. नवे घेता येईनात. जे खेळ त्या दुकानातच मिळत, ते कायदेशीर मार्गाने विकत घेण्याची वाट मिटली. दुसरीकडे, जुनी-नवी यंत्रे संगणकावर उभी करणाऱ्यांविरुद्ध कंपनी न्यायालयात जाते. स्विचसाठी असा प्रोग्रॅम करणाऱ्यांना २०२४ मध्ये चोवीस लाख डॉलर देण्याचे मान्य करून काम थांबवावे लागले. तेथे चोरीचा प्रश्न खरा होता. चालू बाजारातले खेळ फुकट वाटले गेले, तर कारागिराने जगावे कसे? परंतु २०२० मध्ये साथीच्या दिवसांत, एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका खेळाचे सामने चाहते इंटरनेटवरून भरवू पाहत होते, तेही तिने थांबविले. त्यात कोणाचे काय लुटले जात होते, हे समजावून सांगणे अवघड आहे.

आपल्या देशाला या प्रश्नाची दुसरी बाजू ठाऊक आहे. १९९० च्या दशकात भारतातील असंख्य घरांत मारिओ आला तो परवान्याविना बनविलेल्या नकली यंत्रांतून. त्यांच्या कार्ट्रिजना मुले ‘कॅसेट’ म्हणत. कित्येकांनी निन्टेन्डो हे नाव तेव्हा ऐकलेही नव्हते, पण मारिओच्या उडीचा आवाज त्यांच्या कानांत आजही आहे. कायद्याने ती कॅसेट चोरीची होती. आठवण मात्र चोरीची नव्हती.

तेव्हा निवाडा करावयाचा तर तो असा. ‘तू मुलांसाठी का करतेस?’ हा आक्षेप मोठेपणाच्या नव्या तोऱ्यातून येतो. वय वाढले की तो बहुधा आपोआप मावळतो. स्वतःच्या मुलाला मांडीवर घेऊन मारिओ खेळताना बापाला त्याचे उत्तर मिळते. पण ‘जे केलेस ते जपून का ठेवू देत नाहीस?’ हा आक्षेप वयाबरोबर वाढत जातो. लाकडी बाहुली माळ्यावर चाळीस वर्षे पडून राहते आणि नातीच्या हाती लागते. दुकानातून हवेत उतरविलेला खेळ तसा राहत नाही. करणाऱ्याने कळ फिरविली की त्याची वाट बंद होते. खेळणे करणाऱ्याचा हक्क खेळण्यावर असतो, हे निर्विवाद. परंतु त्या खेळण्याभोवती ज्यांचे बालपण उभे राहिले, त्यांचाही त्यात थोडा वाटा उरतो. जुने खेळगडी रुसले आहेत ते त्या वाट्यासाठी, आणि तो त्यांना मिळावा इतके मोठे या कंपनीचे भांडार खास आहे.