कामगाराचं आरोग्य, लेखांक ५ : ‘आता सवय झाली’

मागच्या आठवड्यात डाळ मिलमधली धूळ फुप्फुसापर्यंत कशी पोचते, ते पाहिलं. धूळ निदान खोकला तरी आणते. त्याच शेडमधला आवाज मात्र काहीच कळू न देता आपलं काम करतो.

जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलचे रोल, चाळण्या, एलिव्हेटर आणि ब्लोअर एकाच पत्र्याखाली चालतात. चटया विणणाऱ्या मागांचा खडखडाट वेगळाच. धुळ्याच्या यंत्रमागांवर धोट्याला मिनिटाला शंभराच्या वर तडाखे बसतात. खानदेशाला हा आवाज नवा नाही. अमळनेरची प्रताप मिल चालू होती तेव्हापासूनचा तो आहे. कापडगिरणीच्या साचेखात्यात तर माणसं ओठ वाचून आणि हातवारे करूनच बोलत.

नव्या कामगाराचं पहिल्या दिवशी डोकं उठतं. पाळी सुटल्यावर कान गच्च होतात, रात्री कानात गुंईऽऽ वाजत राहतं. तीन महिन्यांनी त्यालाच विचारा. “काही नाही, आता सवय झाली.”

ही सवय नेमकी कसली?

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार नाजूक केशपेशी उभ्या असतात. दादर ज्वारीच्या शेतातून एकदा बैलगाडी गेली तर वाकलेली ताटं पुन्हा सावरतात. रोज जाऊ लागली की चाकोरी पडते आणि तिथं काही उगवत नाही. कानाचं तसंच आहे. मेलेल्या केशपेशी कोंबडीच्या कानात पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही. पहिला घाला बहुधा चार हजार हर्ट्‌झच्या आसपासच्या, म्हणजे उंच पट्टीच्या स्वरांवर पडतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख उंच पट्टीतच असते. म्हणून बोलणं ऐकू येतं, पण उमगत नाही. बाजारात ‘साठ’चा ‘आठ’ होतो, नातवंडं पुटपुटतात असं वाटू लागतं. ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरांनी १८८६मध्ये बॉयलर बनवणारे १०० कामगार तपासले. त्यांतल्या एकाचीही श्रवणशक्ती शाबूत नव्हती.

आपल्याकडची कायदेशीर मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल. आवाज ९५ झाला तर चार तास, १०० झाला तर दोन. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संशोधन संस्थेची शिफारस याहून कडक आहे : आठ तासांना ८५, आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. यंत्रमागावरची पाळी तर अनेकदा बारा तासांची असते. मोजयंत्र नसेल तर साधी खूण लक्षात ठेवा : हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, की आवाज धोक्याचा.

उपाय यंत्रापासून सुरू करावा. झिजलेलं बेअरिंग बदलणं, सैल पत्रे आवळणं, यंत्राखाली रबर घालणं, धान्य आपटतं त्या पत्र्याला आतून रबर लावणं, ब्लोअर भिंतीआड नेणं, यातलं बरंचसं काम गावातला फिटर करू शकतो. एवढं करूनही आवाज उरला, तर इअरप्लग. कापसाचा बोळा चालत नाही. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढावी, प्लग आत सारावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. आठ तासांत अर्धाच तास काढून ठेवला, तरी चांगल्या प्लगचा निम्म्याहून अधिक फायदा जातो.

कामावर घेतानाच कानाची तपासणी करून कागद जपून ठेवावा, मग दरवर्षी ताडून पाहावा. आवाजामुळे आलेल्या बहिरेपणाला १९४८च्या कारखाना कायद्याने कळवायलाच हव्या अशा आजारांच्या यादीत घातलं, आणि भरपाईच्या कायद्यातही त्याला जागा आहे. पण आधीचा कागद नसेल, तर कान कधी गेला हे दाखवायचं कशावरून?

मालकांना एक सुचवतो. शेडमध्ये आवाज किती आहे, हे जुन्या मुकादमाला विचारू नका. काल लागलेल्या पोराला विचारा. त्याचा कान अजून खरं सांगतो.

(पुढील लेखांक : मे महिना, पत्र्याची शेड आणि दुपारची पाळी)