मारका कोंबडा

मारका बैल दिसला की माणूस वाट सोडतो. मारक्या कोंबड्याचं मात्र हसू होतं, पोटरीत काटा रुतेपर्यंत.

केडगावात, नगर-पुणे रस्त्यापासून आत शिरलेल्या एका गल्लीत अशा कोंबड्याचं परस आहे. गाव केव्हाच महानगरपालिकेत गेलं आणि आजूबाजूला मजले चढले, तरी या घरच्या आत्यांनी पत्र्याचं खुराडं मोडलेलं नाही. दहा-बारा गावरान कोंबड्या, एक थोरला तांबडा कोंबडा आणि नुकते आरवायला लागलेले तीन तरणे नर. भांडणाचं मूळ या आकड्यातच आहे. एका नरामागे आठ-दहा माद्या असल्या तर संसार सुखाचा चालतो. नर वाढले की ते आपसात झुंजतात, कोंबड्यांच्या पाठीची पिसं उपटली जातात आणि उरलेला राग माणसावर निघतो.

सकाळी आत्या बाजरीचं टोपलं घेऊन परसात उतरतात तेव्हा तांबडा लगेच झेप घेत नाही. आधी तो आडवा वळतो. एक पंख इतका खाली सोडतो की टोकाची पिसं मातीत घासतात, आणि तसाच तिरका, बारीक पावलं टाकत अर्धा फेरा घेतो. मग मान खाली घालून मातीत काही नसतानाही टोचल्यासारखं करतो. गळ्याची पिसं फुलली की समजायचं, आता आला. तो उडतो पाय पुढे करून. लोक चोचीला भितात, पण त्याचं खरं हत्यार पायामागचा काटा आहे.

आत्या मागे सरत नाहीत आणि पायही उचलत नाहीत. दुसऱ्या हातातलं डालगं ढालीसारखं पुढे धरून त्या त्याच्याच दिशेने, घाई न करता चालत राहतात. दोनदा डालग्यावर आपटला की तो बाजूला होतो. नाहीच झाला तर डालगं त्याच्यावर पालथं पडतं. मग खालून हात घालून, दोन्ही पंख अंगाशी दाबून त्या त्याला काखेत घेतात आणि तसंच दाणे टाकतात, पाणी बदलतात, अंडी गोळा करतात. आधी तो पाय झाडतो, मग मान ढिली सोडतो. साऱ्या कोंबड्यांसमोर धन्याची ही अशी वरात निघते.

"पळालं की त्याला वाटतं आपण जिंकलो," आत्या सुनेला सांगतात, "अन् लाथ घातली की वाटतं कुस्ती लागली. दोन्ही करू नको, बाई."

हा तांबडा असा का झाला, याचं उत्तर घरातच आहे. पिल्लू असताना नातवाने त्याला खिशात घालून वाढवलं. माणसाची भीती कधी बसलीच नाही. चार-सहा महिन्यांनी अंगात नरपणा आला तेव्हा माणूसही त्याच्या हिशेबात दुसरा कोंबडाच ठरला. कळपात कोण कुणाला टोचणार याची उतरंड असते, हे नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कोंबड्यांचंच निरीक्षण करून मांडलं. तांबड्याने त्या उतरंडीत घरातली माणसंही बसवली होती. नातू सर्वांत खाली.

आणि हा राग डोक्यात नव्हे, रक्तात असतो. १८४९ साली जर्मनीत ग्योटिंगेनच्या बेर्टोल्ड यांनी काही कोंबड्यांची वृषणं काढली, तर त्यांचे तुरे सुकले, आरवणं आणि झुंजणं थांबलं. ज्यांच्या पोटात ती परत बसवली ते पुन्हा तसेच तुरेबाज आणि भांडखोर निघाले. तुऱ्याचा लालभडकपणा आणि अंगावर येणं, दोन्हींचं पाणी एकाच विहिरीतलं.

म्हणून मला त्याचा राग येत नाही. वर घार फिरली की तो वेगळा आवाज काढतो, जमिनीवरून मांजर आलं की वेगळा, आणि कोंबड्या आवाज ओळखून आडोसा धरतात. किडा सापडला तर स्वतः न गिळता माद्यांना बोलावतो. एवढ्या जबाबदारीच्या प्राण्याला 'माजलाय' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मात्र लहान मूल असलेल्या घरात हा युक्तिवाद चालत नाही. कोंबड्याची उडी मोठ्याच्या पोटरीला लागते, तीच रांगत्या मुलाच्या डोळ्याला. या घरात नातवाच्या धाकट्या बहिणीला परसाचं दार एकटीने उघडायची बंदी आहे. काटा लागला तर साबणाने धुवायचं आणि धनुर्वाताची सुई चुकवायची नाही, कारण जखम तोंडाशी बारीक आणि आत खोल असते. कानशीने काट्याचं टोक बोथट करता येतं, पण टोकच. आत जिवंत हाड आणि रक्त असतं.

गल्लीतल्या कुणीतरी सुचवलं, एवढा तापट आहे तर झुंजीला द्या. आत्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. झुंज लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि २०२१ साली तेलंगणात जगतियाल जिल्ह्यात झुंजीसाठी पायाला सुरी बांधलेल्या कोंबड्याने मालकाचाच जीव घेतला होता.

तरण्या तिघांपैकी दोघांचं भवितव्य आखाडात ठरलेलं आहे, त्यावर घरात चर्चाही होत नाही. चर्चा तांबड्यावर आहे. काखेतल्या वरातीने तो मोठ्यांशी नरमला, मुलांशी नाही. तेव्हा त्यालाही जावं लागेल, आणि मागे राहील तो तिसरा, दाणे टाकताना पायात न घुटमळणारा, चार हात लांब उभा राहणारा. आत्यांची निवड इथेच आहे: मारक्याची वीण पुढे चालवायची नाही. पण नर काढला म्हणून लगेच काम होत नाही. त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, तोवरच्या अंड्यांत तो असू शकतो. ती अंडी घरात खायची. खुडूक कोंबडी आत्तापासूनच रिकाम्या पाटीवर ठाण मांडून बसली आहे. तिच्याखालची अंडी तांबडा गेल्यावर पुरते तीन आठवडे मोजून मगच घालायची, असं आत्यांनी सुनेला बजावलंय.