विहिरीचा हिशेब आणि कोयनेची भेग

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागले की वाटेत फुलंब्री लागते. गिरिजा नदीच्या खोऱ्यातले हे तालुक्याचे गाव. या भागातली शेती बरीचशी विहिरींवर अवलंबून आहे. अशा एखाद्या विहिरीच्या कठड्याशी उन्हाळ्याच्या तोंडावर उभे राहा. पंप चालू झाला की पाणी खाली खाली जाते, बंद झाला की हळूहळू पुन्हा वर चढते. उद्या सकाळी विहिरीत किती पाणी असेल, हा शेतकऱ्याचा रोजचा प्रश्न. त्यावर मक्याला पाणी पुरणार की नाही हे ठरते.

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर काढायला बसलो की एक गंमतीची अडचण उभी राहते. आज आपण ती अडचण आणि तिच्यावरचा तोडगा पाहू. हाच तोडगा पुढे एका फार मोठ्या धरणाच्या कामी आला.

आधी कोण?

विहिरीत पाणी येते ते भोवतालच्या खडकातून. आपल्याकडचा खडक म्हणजे काळा बेसाल्ट. तो स्पंजासारखा नसतो. वरचा मुरूम आणि खालच्या खडकातल्या फटी व भेगा यांतच काय ते पाणी साठते. खडकातल्या पाण्याची पातळी विहिरीतल्या पातळीपेक्षा वर असली, की पाणी विहिरीकडे पाझरू लागते. फरक जितका मोठा, तितका पाझर जोरात.

म्हणजे विहिरीत किती पाणी येईल हे सांगायला खडकातली पातळी माहीत हवी. पण विहिरीत पाणी गेले की खडकातली पातळी उतरते. मग खडकातली पातळी सांगायला विहिरीत किती पाणी गेले हे माहीत हवे! पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचे पहिल्यावर. दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. सुरुवात करायची कोठून?

थोडे थोडे पुढे जा

तोडगा असा की, उद्या सकाळचे उत्तर एकदम मागायचे नाही. फक्त पुढच्या एका तासाचे मागायचे. एवढ्या थोड्या वेळात दोन्ही पातळ्या फारशा बदलत नाहीत. म्हणून आत्ताच्या फरकावरून तासाभराचा पाझर काढायचा, मग दोन्ही पातळ्या दुरुस्त करायच्या आणि नव्या पातळ्यांवरून त्याच्या पुढच्या तासाकडे जायचे.

आपण कागद-पेन्सिल घेऊन करून पाहू. पुढील आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत. तळापासून मोजता खडकातले पाणी १० मीटरवर आहे. उपसा केल्यामुळे विहिरीत फक्त २ मीटर पाणी उरले आहे. नियम दोन. पहिला नियम : एका तासात विहीर फरकाच्या दहाव्या भागाइतकी चढते. दुसरा नियम : विहीर १ मीटर चढली की खडकातली पातळी १० सेंटिमीटर उतरते.

सुरुवातीचा फरक ८ मीटर. म्हणून पहिल्या तासात विहीर ८० सेंटिमीटर चढेल आणि खडक ८ सेंटिमीटर उतरेल. आता विहीर २.८० मीटर, खडक ९.९२ मीटर. नवा फरक ७.१२ मीटर. दुसऱ्या तासात विहीर ७१ सेंटिमीटर चढून ३.५१ वर येते आणि खडक ९.८५ वर. याप्रमाणे पुढचे तास तुम्ही स्वतः करा. पाझर दर तासाला मंदावत जाईल, आणि शेवटी दोन्ही पातळ्या ९.२७ मीटरवर एकत्र येतील.

आता समजा, कोणी घाई केली आणि म्हणाले, "खडक केवढा, विहीर केवढी! खडकातली पातळी १० मीटरच धरा." त्याच्या हिशेबाने विहीर पुन्हा पुरी १० मीटर भरेल. चूक फक्त ७३ सेंटिमीटरची. पण पाऊस नसताना हाच उपसा पुन्हा पुन्हा होतो. दुसऱ्या वेळी विहीर २ मीटरपर्यंत उपसून तशीच राहू दिली, तर ती ८.६१ मीटरपर्यंतच भरते. तिसऱ्या वेळी ८.०१. घाईचा हिशेब मात्र दर वेळी १० मीटरच म्हणत राहतो! त्यात शेजाऱ्याची विहीरही त्याच खडकातून पाणी ओढत असेल, तर तिचाही हिशेब यात गुंफावा लागतो. आपला पंप कधी चालला यावर त्याची विहीर, आणि त्याचा पंप कधी चालला यावर आपली.

पाऊल केवढे टाकायचे?

येथे एक सावधगिरी हवी. एकेक तास मोजण्याचा कंटाळा आला म्हणून आपण एकदम २० तासांची उडी मारू. तासाला फरकाचा दहावा भाग, म्हणजे २० तासांत फरकाची दुप्पट. विहीर १६ मीटर चढून १८ मीटरवर जाईल आणि खडक ८.४ वर येईल! खडकातले पाणी १० मीटरवर असताना विहीर १८ मीटर भरणे कसे शक्य आहे? नियम तेच, गणितही बरोबर. पण पाऊल फार मोठे पडले. म्हणून जाणकार लोक एकदा हिशेब झाला की पाऊल निम्मे करून तोच हिशेब पुन्हा करतात. उत्तर फारसे बदलले नाही, तरच त्यावर विश्वास ठेवतात.

आपण जे केले त्याला गणिती प्रतिमान म्हणतात. मातीचा, लाकडाचा छोटा नमुना करून प्रयोग करता येतात, तसा हा आकड्यांचा नमुना. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तेथे नद्या, बंदरे, धरणे यांचे खरेखुरे छोटे नमुने बांधतात आणि आकड्यांचे नमुनेही करतात. विहिरीचा नमुना आपल्या वहीत मावला. पण हिशेबाच्या जागा हजारो असतील आणि पावले सेकंदाच्या शंभराव्या भागाची असतील, तर संगणकाशिवाय गत्यंतर नाही. असा प्रसंग महाराष्ट्रातच आला.

११ डिसेंबर १९६७

फुलंब्रीच्या विहिरीत जो काळा खडक दिसतो, तोच खडक थेट सह्याद्रीपर्यंत पसरला आहे. त्याच खडकावर सातारा जिल्ह्यात कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण उभे आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तेथे मोठा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. सुमारे १८० माणसे दगावली.

धरण उभे राहिले. पण त्याच्या उंच भागांत, माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, आडव्या भेगा पडल्या. धरणामागच्या जलाशयाची साठवण सुमारे २८० कोटी घनमीटर, आणि खाली नदीकाठाने कऱ्हाडपर्यंत वस्ती. भेग त्याच जागी का पडली? पुढच्या धक्क्याला काय होईल? हे प्रश्न केवळ पुस्तकी नव्हते.

धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा विचार केलेला होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे धरण म्हणजे एक ताठ ठोकळा मानला जाई आणि भूकंप म्हणजे त्याच्या वजनाच्या ५ टक्के इतका आडवा जोर. प्रत्यक्षात धरणातल्या बोगद्यात बसवलेल्या उपकरणाने नोंदवले ते भलतेच होते. नदीच्या दिशेतले त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या जवळजवळ निम्मे होते.

पण चूक केवळ आकड्याची नव्हती. धरण ताठ ठोकळा नसते. जमीन हलली की ते वेताच्या छडीसारखे लवते, फक्त आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही. कोयनेच्या धरणाची स्वतःची लय सेकंदाला साधारण तीन हेलकाव्यांची आहे. धरण जलाशयाकडे झुकले की ते पाण्याला ढकलते. पाणी उलट धरणाला ढकलते. त्या दाबामुळे धरणाचे हेलकावे बदलतात, आणि हेलकावे बदलले की दाबही बदलतो.

ओळख पटली ना? ही विहीर-खडकाचीच गोष्ट. आधी पाण्याचा दाब काढून मग धरणाचा हिशेब करू म्हटले, तर दाब काढायला धरणाची हालचाल हवी. अमेरिकेतील शास्त्रज्ञ वेस्टरगार्ड यांनी १९३३ साली भूकंपातील पाण्याच्या दाबाचे गणित मांडले होते. पण त्यांनी धरण ताठ धरले होते. आपल्या घाईच्या हिशेबात खडकाची पातळी जशी स्थिर होती, तसेच हे.

तुकडे करा, पावले टाका

बनारस हिंदू विद्यापीठातून पदवी घेऊन अमेरिकेत गेलेले अनिल चोप्रा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत याच प्रश्नावर काम करीत होते. त्यांनी आणि चक्रवर्ती यांनी कोयना धरणाचा संगणकावर हिशेब केला व तो १९७३ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी वापरलेल्या युक्तीला फाइनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. हे नाव बर्कलीच्याच रे क्लफ यांनी १९६० साली दिले. युक्ती सोपी आहे. धरणाच्या उभ्या छेदाचे कागदावर लहान लहान तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यांना किती ढकलतो वा ओढतो, याचे साधे नियम लिहायचे. मग भूकंपाची खरी नोंद घेऊन क्षणाक्षणाने पुढे जायचे.

उत्तर काय आले? हेलकाव्यात धरणाचा माथा पायापेक्षा कितीतरी जास्त हलला. धरणाची जलाशयाच्या विरुद्ध बाजू जेथे एकदम उतार बदलते, तेथे ताण साचला. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याला दाबाच्या साधारण दहाव्या भागाइतकाच सोसतो. आकड्यांनी दाखवलेला ताण त्याहून बराच जास्त होता. आणि जागा? जेथे प्रत्यक्ष भेग पडली होती, नेमकी तीच.

मित्रांनो, येथे थोडे थांबा. गणित सुंदर असले, संगणक मोठा असला, म्हणून प्रतिमान खरे ठरत नाही. ते खरे ठरते वस्तूशी ताडून पाहिल्यावर. कोयनेची भेग ही त्या हिशेबाची परीक्षा होती. म्हणूनच आजही जगात कोठे कोणी धरणांच्या हिशेबाची नवी पद्धत काढली, की ती बहुधा कोयनेच्या आकड्यांवर तपासून पाहतात. कोयनेच्या भेगा दुरुस्त केल्या गेल्या आणि उंच भागांना जलाशयाच्या विरुद्ध बाजूने काँक्रीटचा जादा आधार देण्यात आला.

पाणी, भेगा आणि भूकंप

गोष्ट येथे संपत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस जलाशय भरू लागल्यापासून कोयनेच्या परिसरात लहानमोठे धक्के जाणवू लागले. जलाशयाची पातळी आणि धक्के यांचा संबंध शास्त्रज्ञ तेव्हापासून अभ्यासत आहेत. पाण्याचे वजन खडकाला दाबते. पाणी भेगांतून खोल झिरपते, आणि भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की आवळून बसलेले खडक निसटायला सोपे होतात. उलट खडक सरकले की भेगा उघडतात किंवा मिटतात, म्हणजे पाण्याची वाट बदलते. पाणी खडकाला बदलते आणि खडक पाण्याला. या दुहेरी नात्याची समीकरणे बियो या शास्त्रज्ञाने १९४१ साली मांडली होती.

पण समीकरणांत घालायला खोलवरचे खरे आकडे हवेत. त्यासाठी कोयना भागात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. २०१७ साली ते पुरे झाले. सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा काळा बेसाल्ट संपल्यावर खाली ग्रॅनाइट लागला. कऱ्हाड येथील प्रयोगशाळेत हा अभ्यास चालतो. पुढचा धक्का कधी बसेल हे आजही कोणाला सांगता येत नाही. ते कोडे सुटायचे असेल, तर पाणी व खडक यांचा हिशेब एकत्रच करावा लागेल.

तुम्ही करून पाहा

सुटीच्या दिवशी घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन विहिरीवर जा. एका लांब दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा आणि टोकाला दगड बांधा. पंप बंद झाल्यावर दर तासाला पाणी किती खाली आहे ते मोजायला त्यांना सांगा. तुम्ही कठड्यापासून दूर उभे राहून वहीत लिहा. वाकून पाहायचे नाही. मग आपला दहाव्या भागाचा नियम लावून पाहा. तो जुळणार नाही, कारण प्रत्येक विहिरीचा खडक वेगळा. कोणाचा आकडा आठवा भाग येईल, कोणाचा पंधरावा. तुमच्या विहिरीचा आकडा तुम्हीच शोधून काढा. आणि तो सापडला, की उद्या सकाळी विहिरीत किती पाणी असेल ते आज रात्रीच लिहून ठेवा. सकाळी दोरी पुन्हा सोडा. तुमचा हिशेब बरोबर की चूक, ते विहीरच सांगेल.