नवी नोकरी, जुना पगार आणि राहून गेलेला एक फॉर्म

(द्वारका, नाशिक येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

इथं येताना द्वारका चौकात नेहमीप्रमाणे अडकलो. आजूबाजूला कंपन्यांच्या बसगाड्या होत्या. कुणी अंबडला निघालेलं, कुणी सातपूरला, कुणी सिन्नरला. मनात आलं, यातल्या किती जणांनी या वर्षात कंपनी बदलली असेल? पगार वाढतो, घरी पेढे येतात. आणि पुढच्या जुलैत रिटर्न भरायला बसलं की कळतं, सत्तर-ऐंशी हजार कर बाकी आहे! दोन्ही कंपन्यांचा हिशोब आपापल्या जागी बरोबर असतो. मग चुकतं कुठं? आज मुख्यतः तेवढंच बघू.

पगारातून टीडीएस कापला जातो; 2025-26 पर्यंत तो आयकर कायद्याच्या कलम 192 प्रमाणे कापला जायचा. हा काही वेगळा कर नाही. वर्षाच्या कराचा आगाऊ हप्ता आहे. कंपनी तुमच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज काढते, त्यावरचा कर काढते आणि तो महिन्यांत वाटून कापते. आता गंमत अशी, की नव्या कंपनीला तुमचा फक्त तिच्याकडचा पगार माहीत असतो.

उदाहरण घेऊ. 2025-26 हे वर्ष, करप्रणाली नवी. एप्रिल ते सप्टेंबर तुम्ही जुन्या कंपनीत होता, पगार महिना 90,000. म्हणजे सहा महिन्यांचे 5,40,000. ऑक्टोबरपासून नवी कंपनी, महिना 1,40,000. मार्चपर्यंत 8,40,000. जुन्या कंपनीने वर्षाचे 10,80,000 धरले, त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट दिली. उत्पन्न 12 लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. नव्या कंपनीने 8,40,000 धरले, तिनेही 75,000 वजा केले. पुन्हा शून्य.

पण सरकारच्या दृष्टीने तुम्ही एकच माणूस आहात. एकूण पगार 13,80,000. वजावट एकदाच मिळणार, म्हणून करपात्र उत्पन्न 13,05,000. पहिल्या 4 लाखांवर काही नाही, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्क्यांनी 40,000, आणि उरलेल्या 1,05,000 वर 15 टक्क्यांनी 15,750. बेरीज 75,750. त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 78,780 रुपये. शिवाय आगाऊ कर भरला नाही म्हणून महिन्याला 1 टक्का दराने व्याज, ते वेगळंच.

यावर उपाय एकच कागद: 2025-26 मध्ये फॉर्म 12बी. जुन्या कंपनीत किती पगार मिळाला, किती टीडीएस कापला गेला, हे त्यात लिहून नव्या कंपनीला द्यायचं. रुजू होतानाच दिला असता तर हेच 78,780 रुपये सहा महिन्यांत, दरमहा 13,130 प्रमाणे कापले गेले असते. रक्कम तीच, पण एकदम अंगावर आली नसती.

बाकीचे कागद थोडक्यात सांगतो. पॅन नक्की द्या आणि तो आधारशी जोडलेला आहे ना, ते तपासा. पगार करपात्र असेल आणि पॅन नसेल, तर किमान 20 टक्के कापले जातात. जुनी करप्रणाली हवी असेल तर तसं कळवा. नाहीतर कंपनी नवीच धरते. जुन्या प्रणालीत घरभाडं, विमा, गृहकर्ज यांचे पुरावे (2025-26 पर्यंत फॉर्म 12बीबीसोबत) द्यावे लागतात.

भविष्य निर्वाह निधीच्या फॉर्म 11 मध्ये जुनाच यूएएन लिहा, नवा काढू नका. जुनी रक्कम काढून घेण्यापेक्षा नव्या खात्यात वळवा. मग आधीची नोकरीही सेवेत धरली जाते. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो.

आणि पगारपत्रकावरचा तो व्यवसाय कर. दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 का? कारण राज्यघटनेने या कराला वर्षाला 2,500 ची मर्यादा घातली आहे. अकरा महिन्यांचे 2,200, अधिक 300, झाले 2,500! महाराष्ट्राने हा कर 1975 मध्ये आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. महिना 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे.

शेवटी दोन प्रश्न आले. एकांनी विचारलं, "जुन्या कंपनीशी वाद झालाय, ते कागद देत नाहीत. मग?" 12बी आपणच भरायचा असतो, जुन्या कंपनीची सही लागत नाही. पगारपत्रकं आणि आयकर पोर्टलवरचा 26एएस एवढ्यावर काम होतं. पगारपत्रकात टीडीएस दिसतो पण 26एएसमध्ये नाही, असं आढळलं तर मात्र लगेच विचारणा करा.

दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात आला: "मुलाखतीत जुना पगार थोडा वाढवून सांगितला होता. आता 12बी कसा देऊ?" (हशा) बघा, 12बी देणं कायद्याने ऐच्छिक आहे. द्यायचा नसेल तर नका देऊ. पण मग दोन्ही पगारांची बेरीज स्वतः करा आणि 15 डिसेंबर व 15 मार्चच्या हप्त्यांत आगाऊ कर स्वतः भरा. नव्या साहेबांपासून जुना पगार लपवता येईल, आयकर खात्यापासून नाही. दोन्ही कंपन्यांची माहिती त्यांच्याकडे एकाच पॅनवर जमा होते.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले, पण दोन पगारांची बेरीज करणं काही टळणार नाही. म्हणून नवं ओळखपत्र गळ्यात घालाल त्याच दिवशी लेखा विभागात जाऊन सांगा, "साहेब, आधीचा पगारही धरा."