रानभाताचं एकच जनुक

भातखाचरात कुसळांची, दाणे पिकताच झाडून टाकणारी रानटी रोपं उगवतात; शेतकरी ती उपटतो. पण १९७०च्या दशकात आशियात विषाणूजन्य खुरटा रोग पसरला. रोप गवतासारखं फुटत राही, लोंबीचा पत्ता नसे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. तग धरला उत्तर प्रदेशातल्या रानभाताने, ओरायझा निवाराने.

रोगाला तोंड देणारं त्याचं जनुक लागवडीच्या भातात आणायचं होतं. संकर केला, तर निम्मा वारसा रानटीच. म्हणून पुन:पुन्हा लागवडीच्याच भाताशी संकर. दर पिढीला रानटी वाटा साधारण निम्म्याने घटतो. सगळं वऱ्हाड परत पाठवून एकच पाहुणा ठेवून घ्यावा, तसं! किचकट, पण विलक्षण काम. हवं ते जनुक टिकलंय का, हे कळण्यासाठी रोपांवर विषाणूवाहक तपकिरी तुडतुडे सोडायचे आणि निरोगी राहतील तीच रोपं पुढे न्यायची. १९७६ साली आलेल्या आयआर-३६ या वाणात हेच जनुक आहे.